इंजिन दुसरं, कॉम्प्युटर जुनाच

वारंगा फाट्यावर माझं गॅरेज आहे. डिझेल इंजिन उघडणं आणि बांधणं एवढंच मला येतं, आणि तेच करत माझे केस पिकले. माझ्या शेडला लागून ऑटो इलेक्ट्रिकचं एक दुकान आहे. ते चालवणारा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. आमच्यामध्ये फक्त एक पत्रा, पण तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

त्याचं कारण सांगायला मला अजूनही जड जातं. कुरुंद्याच्या एका शेतकऱ्याची पिकअप चढावर दम तोडायची. शेजाऱ्याने बिघाड दाखवणारं मशीन लावून पाहिलं आणि सांगितलं, सेन्सर गेलाय. तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "वायरी जोडणाऱ्याला इंजिनातलं काय कळतंय?" त्याने मशीन गुंडाळलं आणि निघून गेला. पुढे आठवडाभर मी फिल्टर बदलले, टर्बो साफ केला, पाइप तपासले. शेवटी कळमनुरीला जाऊन गुपचूप तोच सेन्सर आणला आणि बसवला. गाडी नीट झाली. हे त्याला सांगायला हवं होतं. रोज शटर उघडताना वाटायचं आणि रोज राहून जायचं.

मागच्या हिवाळ्यात पुसेगावचा एक ट्रकमालक माझ्याकडे आला. घर मेंढपाळाचं. त्याचे भाऊ अजूनही मेंढरं घेऊन हिंडतात, याने तेवढा ट्रक घेतला आणि तो स्वतःच चालवायचा. वसमतहून नागपूरला हळद घेऊन निघाला असताना वाटेत पाण्याचा पाइप फुटला. त्याचं लक्ष जाईपर्यंत इंजिन तापून जाम झालं होतं. माल दुसऱ्या गाडीत गेला आणि ट्रक ओढून माझ्या दारात आला. मी इंजिन उघडलं तर ब्लॉकलाच चीर. बांधण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्याने नांदेडहून त्याच मॉडेलचं जुनं इंजिन आणलं.

"कॉम्प्युटर कुठं हाय?" मी विचारलं.

"तो डबा न्हाई दिला त्यानं. आपला जुना हाय की."

मलाही वाटलं, आहे की. आताच्या ट्रकमध्ये कोणत्या सिलिंडरला, कधी आणि किती डिझेल द्यायचं हे इंजिनाला बोल्ट केलेला एक चपटा डबा ठरवतो. सिलिंडरच्या डोक्यावर बसलेले इंजेक्टर त्याचं ऐकून डिझेल फवारतात. मॉडेल एकच, म्हणजे आपला डबा चालणारच, असं मी धरून चाललो.

चौथ्या दिवशी इंजिन बसलं आणि सेल्फ मारला. ते चालू झालं, पण हिव भरल्यासारखं थरथरायला लागलं. पांढरा धूर, आतून ठकठक, आणि रेस दिली की मध्येच अडकायचं. मी डिझेलमधली हवा काढली, व्हॉल्व्हचे टॅपेट पुन्हा लावले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून एकेक सिलिंडर ऐकला. यात दोन दिवस गेले.

मालक टायरवर बसून सगळं बघत होता. त्याने घाई केली नाही, आवाजही चढवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्याने विचारलं, "मिस्तरी, तकलीफ कुठं हाय, समजून राहिलं का?"

"इंजिनात काहीच खराबी न्हाई."

"मंग हे असं काहून करून राहिलं?"

मी पुन्हा डिझेलचा पाइप चाचपायला लागलो.

"बाजूला मशीनवाला हाय. त्याला काहून बलवत न्हाई?"

मी पाना पुसत बसलो. तो उठून स्वतःच शेजारी गेला.

शेजारी लॅपटॉप घेऊन आला. गॅरेजमध्ये पाय ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मालकाला म्हणाला, "त्यांना इचारा, इंजेक्टर कोणते लावलेत?"

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. मीही मालकाला म्हणालो, "सांगा, आलेल्या इंजिनाचेच हायत. जुन्यातले दोन तापून गेले."

"त्याच इंजिनाचे हायत म्हणतेत," मालकाने सांगितलं.

"त्यांचे नंबर कॉम्प्युटरला दिले का, इचारा."

मालक माझ्याकडे वळला. "नंबर दिले का?"

"कसले नंबर?"

मालकाने दोघांकडे पाहिलं आणि हात जोडले. "मला त्यातलं काय बी कळत न्हाई. मला मधी काहून घेऊन राहिले? तुमीच बोला. मी चहा सांगून येतो." आणि तो खरंच गेला.

आम्ही दोघंच उरलो. शेजारी लॅपटॉपकडे बघतच बोलायला लागला. कोणतेही दोन इंजेक्टर अगदी सारखे नसतात. एक केसभर जास्त डिझेल सोडतो, दुसरा केसभर कमी. कारखान्यात ते मोजतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा कोड कोरतात. कॉम्प्युटरला तो कोड माहीत असावा लागतो. "या डब्यात अजून जुन्या सहा इंजेक्टरचे कोड हायत," तो म्हणाला. "त्याच मापानं तो या सहांना डिझेल देऊन राहिला."

आधी त्याने इंजिनाच्या पट्टीवरचे आकडे डब्यातल्या माहितीशी ताडून पाहिले. ताकद तीच, बनावट तीच. म्हणजे डबा बदलायची गरज नव्हती, फक्त त्याला नव्या इंजेक्टरची ओळख करून द्यायची होती. मी झाकण काढलं, ब्रशने इंजेक्टरची डोकी पुसली. तो मोबाइलवर फोटो काढून, मोठे करून कोड पुठ्ठ्यावर लिहीत गेला. एका ठिकाणी अक्षर झिजलं होतं. आठ आहे की इंग्रजी बी, ते दोघांनाही कळेना. आठ टाकून पाहिलं, मशीनने घेतलं नाही. बी टाकल्यावर घेतलं.

सेल्फ मारला. धूर कमी झाला, पण ठकठक होतीच.

त्याचा चेहरा उतरला. "सगळे कोड तर घेतलेत त्यानं."

मी स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा कानाला लावला. आता आवाज वेगळ्याच सिलिंडरमधून येत होता. म्हणजे काहीतरी बदललं होतं, पण भलतीकडे. मी सरळ त्यालाच विचारलं, "एक नंबरचा सिलिंडर कुठून धरला?"

त्याने गिअरबॉक्सकडचं टोक दाखवलं. तो तिकडेच उभा राहून फोटो काढत होता.

"या इंजिनात पंख्याकडून मोजायचं."

त्याने पुठ्ठ्याकडे पाहिलं. सहाचे सहा कोड उलटे पडले होते. "इतकी वर्षं मशीन लावून राहिलो," तो हळूच म्हणाला, "पन हे कदी इचारलं न्हाई कोनाला."

कुणाला विचारणार होता? विचारण्याजोगा माणूस शेजारीच होता, म्हणजे मी, आणि मी बोलणं बंद केलेलं. तो कोड पुन्हा टाकत होता, तेव्हा मी म्हणालो, "कुरुंद्याच्या त्या पिकअपचा सेन्सरच गेला होता."

"माहीत हाय." त्याची बोटं थांबली नाहीत. "कळमनुरीच्या दुकानदारानं तवाच सांगितलं."

"मंग बोलला काहून न्हाई?"

"तुमी सांगाल म्हनून वाट पाहिली."

"चूक माझी होती," मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि शेवटचा कोड तपासून घ्यायला मला स्क्रीनजवळ बोलावलं. मी वाचत गेलो, तो बघत गेला.

या वेळी इंजिन चालू झालं ते एकसारखं. पांढरा धूर विरत गेला. मी कान लावून सहाही सिलिंडर ऐकले. कुठेच ठकठक नव्हती. मालक चहा घेऊन आला तो दारातच थांबला, आणि ग्लास हातात धरूनच ऐकत राहिला.

चहा झाल्यावर आम्ही तिघं केबिनमध्ये बसून आखाडा बाळापूरपर्यंत चक्कर मारून आलो. शेजाऱ्याच्या मांडीवर लॅपटॉप होता. चढाला तो आकडे सांगायचा, मी आवाज ऐकायचो, आणि दोन्ही जुळले की मालक उगीचच हसायचा.

तीन दिवसांनी त्याचा नागपूरहून फोन आला. या खेपेचा माल पोचला होता. "आवाज कसा हाय, तुमीच ऐका," म्हणून त्याने फोन इंजिनाजवळ धरला. शेजारी तेव्हा माझ्याकडेच होता, मी स्पीकर लावला. हमालांचा गलका, कुणाचा तरी हॉर्न आणि नुसती घरघर. इंजिनाचं काहीच कळत नव्हतं. तरी आम्ही दोघांनी पूर्ण मिनिटभर ऐकलं.

"बराबर हाय," शेजाऱ्याने त्याला सांगितलं. मीही तेच सांगितलं.