पायलची अर्धी ओळ

शेवंताबाईंच्या घरातून कोण कुठे गेलं, कोण कुठून आलं, हे कागदांत शोधायला जाऊ नका. ते सगळं हळदीच्या गाण्यात आहे. लग्न असो की नोकरी, येणाऱ्या-जाणाऱ्याची पहिली ओळ घरातल्या वडीलधाऱ्या बाईने जोडायची, दुसरी ज्याची त्याने. शेवंताबाई तुमसरहून रायपूरला लग्न होऊन आल्या, तेव्हा सासूने गायलं, ‘तुमसरची शेवंता रायपूरच्या दारी.’ सोळा वर्षांच्या सुनेने पदराआडून उत्तर फेकलं, ‘रेल्वेचा भोंगा उठवे मले, कोंबड्याची गेली बारी.’ सासूमागे गाणं त्यांच्याकडे आलं.

नात पायल नर्स होऊन माल्टाला निघाली, तेव्हा बाईंनी ओळीत चक्क फळबाग घातली. माल्टा म्हणजे त्यांच्या लेखी बाजारात मिळणारं ते फळ, संत्र्याचा भाऊ! मुलगा लोकेश पोट धरून हसला आणि मग त्याने नकाशात समुद्रातला ठिपका दाखवला. बाईंनी बाग उपटली. ‘पायल गेली माल्ट्याले, सुना झाला पारा.’ पारा म्हणजे त्यांचा मोहल्ला.

“आता तुही ओळ दे, पोट्टी.”

“आजी, मराठी में मुझसे नहीं होगा,” म्हणत पायल टॅक्सीत बसली.

वर्ष झालं. पाऱ्यात दोन लग्नं झाली, दोन्हीकडे गाणं पायलपाशी येऊन अडलं. बायका म्हणाल्या, तुम्हीच जोडून टाका.

“काहून? गेली ती, अन् सांगू मी?” बाईंनी ठणकावलं. पण मनातून त्या धास्तावल्या होत्या. आपल्यामागे ही ओळ अर्धीच राहिली तर?

परवा दुपारी पायलचा व्हिडिओ कॉल आला. ती तिथल्या वृद्धाश्रमात काम करते.

“आजी, यहाँ के बूढ़े भी तुम्हारे जैसा गाते हैं. एक गाता है, दूसरा गाने में ही जवाब देता है. एक दादाजी अपने भाई का गाते हैं, जो जहाज से ऑस्ट्रेलिया गया था. आज मुझसे बोले, अब तू बता, तू कैसे आई?”

“मंग?”

पायलने डोळे मिटले आणि आजीचाच सूर लावला, ‘दूसरे की आजी को खिलाते-खिलाते, डोळ्याले लागे धारा.’

शेवंताबाई ढसाढसा रडल्या. पोरगी तिकडे मजेत आहे, असं त्या वर्षभर साऱ्या पाऱ्याला सांगत होत्या.

“अर्धी हिंदी झाली, आई,” लोकेश हळूच म्हणाला. “नीट करून घेऊ का?”

“खबरदार!” बाईंनी पदराने नाक पुसलं. “रडली ती दोन्हीत. मी कोण दुरुस्त करणारी?”

आणि त्यांनी पायलला ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लावली, स्वतःला पाठ होईपर्यंत.