सरडेगुरुजींचं कडं

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, या पृथ्वीवर जेवढे म्हणून डायनोसॉर होऊन गेले, त्यांतले पाला खाणारे सगळेच्या सगळे आमच्या सरडेगुरुजींच्या भावकीतले होते. हे नातं सरकारदरबारी कुठं नोंदलेलं नाही. पण गुरुजी जेवायला बसले की बघणाऱ्याची खात्री पटे. मेथीची अख्खी जुडी, तिच्या मागोमाग मुळ्याचा पाला, मग हाताला लागेल तो हिरवा देठ. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले आणि जबड्याचं जातं संथपणे चाललेलं. देह अवाढव्य, मान पुढं आलेली. चाल अशी की पहिलीतलं पोरही त्यांना मागं टाकून पुढच्या वळणावर वाट बघत बसे.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. अकोले तालुक्यात, जिथं डांबर संपतं आणि भाताची खाचरं डोंगर चढायला लागतात, तिथल्या एका सातवीपर्यंतच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली. गुरुजी पन्नाशीला टेकले होते. पुण्याच्या फूटपाथवर घेतलेलं एक जाडजूड इंग्रजी चित्रांचं पुस्तक त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत सदा असे. तास भूगोलाचा असो नाहीतर त्रैराशिकाचा, शेवटची दहा मिनिटं पुस्तक बाहेर निघे. पोरांना इंग्रजी नावं उच्चारता येईनात, म्हणून गुरुजींनी सगळ्यांची बारशी केली. तोंडावर तीन शिंगं आणि मानेमागं हाडाची झालर, तो तीनशिंग्या. पाठीवर पत्र्यांची रांग आणि शेपटीला हातहातभर खिळे, तो खिळेशेपट्या. अंगभर चिलखत आणि शेपटाच्या टोकाला हाडाची गदा, तो गदाधर. एकाच्या तर अंगठ्यालाच खिळा होता. "याचा अंगठा घ्यायला कुठला तलाठी धजला असता?" असं म्हणून गुरुजी स्वतःच गदगदा हसत.

मोठ्या दातांच्या शिकाऱ्याचं चित्र मात्र ते दाखवत नसत. ते पान त्यांनी खळ लावून शेजारच्या पानाला चिकटवून टाकलं होतं. मी एकदा विचारलं, "गुरुजी, पोरांना तोच तर बघायचा असतो." ते म्हणाले, "नवे मास्तर, त्याचं काय बघायचं? त्याला एकच काम. याच्याकडे बघा. याला रोज चरायचंय, पोरं वाढवायचीत आणि वर रोज जीवही वाचवायचाय. शिकारी हरला तर उपाशी झोपतो. हा हरला तर पुन्हा उठतच नाही."

आणि त्यांचं ठरलेलं वाक्य, जे शाळेच्या भिंतीवर लिहायचं तेवढं राहिलं होतं: "ज्याला पळता येत नाही, त्यानं महाग पडावं." ते समजावून सांगत, की हे शिंग, हा खिळा, ही गदा मारायसाठी नाही. समोरच्याच्या मनात हिशेब उभा करायसाठी आहे. याला खायला जाऊन माझा पाय मोडला तर उद्या मी काय खाऊ, एवढं त्याच्या डोक्यात आलं की काम झालं.

त्या वर्षी आमचाच हिशेब करणारा कुणीतरी डोंगरावरून बघत होता.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल. आमच्या डोंगरातसुद्धा पाऊस लवकर आटपला. दिवाळीनंतर ओढ्यात पाणी उरलं ते एका डोहापुरतं. पाणी जिथं, तिथं सगळे येणार. आधी वानरं उतरली, मग रानडुकरं. मग एके सकाळी डोहाच्या चिखलात तळहाताएवढे गोल ठसे दिसले. नखाची खूण कुठंही नाही. बिबट्या. तिकडं त्याचं नाव घेत नाहीत. "जनावर उतारलंय," एवढंच बाया एकमेकींना सांगत आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढत.

पंधरा दिवसांत तीन शेळ्या गेल्या, एक पारडू गेलं. मग कुत्री जायला लागली. शाळेत एक वाघ्या नावाचं कुत्रं होतं, भलतंच नाव आणि भलतंच भित्रं. गुरुजींनी लोहाराकडून त्याच्यासाठी पट्टा करून घेतला. धनगर आपल्या कुत्र्यांना घालतात तसला, बाहेर बोटबोटभर खिळे आलेला. "आता हा आमचा गदाधर," म्हणाले. चार दिवस वाघ्या ऐटीत फिरला. पाचव्या दिवशी शाळा उघडायला गेलो तर पायरीवर नुसता पट्टा पडलेला. खिळे स्वच्छ होते, एकाही खिळ्याला रक्त नव्हतं. गुरुजी किती तरी वेळ तो हातात फिरवत बसले. "गळ्याला आलाच नाही तो," शेवटी म्हणाले. "मागून आला. मास्तर, आपली पाठच वाईट."

खरा पेच होता वरच्या वाडीचा. तिथली सतरा पोरं रोज ओढा ओलांडून, करवंदीच्या जाळ्यांमधून अर्धा कोस खाली शाळेत येत. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जात ते अंधार पडता पडता परतत. पोरांना ने-आण करायला माणूस नव्हता. शाळा सोडवावी, तर दुपारची सुखडी शाळेतच मिळे, आणि कित्येकांचं दिवसाचं जेवण तेवढंच होतं. वाडीतल्या बाया शाळेत आल्या. सगळ्यांच्या पुढं ठकीची आई. ठकी म्हणजे दुसरीतली, सतरांतली सगळ्यांत लहान.

"गुरुजी, आमी आमची पोरं कुनाच्या हवाली करायची?"

"माझ्या."

"आन् तुमाला कोन सांबाळनार? तुमचा तर पळायचाच वांधा!"

बाया हसल्या. गुरुजीही हसले. "म्हणून तर मी सगळ्यांच्या मागं चालणार. जनावराला पोर धरायचं तर आधी मला खावं लागेल. आणि मला खायला घेतलं, की आठ दिवस त्याला दुसरं सुचायचं नाही."

हसणं थांबलं. "मोजून सतरा," ठकीची आई म्हणाली. "रोज."

"मोजून सतरा," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून कवायत सुरू झाली. जनावर जवळ आलं की म्हशी काय करतात, हे वाडीतल्या पोरांना शिकवावं लागलं नाही. त्या पारडी मध्ये घेतात आणि शिंगं बाहेर करून कडं करतात. "तीनशिंग्याही असंच करत असावा," गुरुजी म्हणाले. मग प्रामाणिकपणे पुढं जोडलं, "बघायला मी नव्हतो, पुस्तकवालाही नव्हता. पण कड्याला पाठ नसते, एवढं खरं." मी शिट्टी मारायची. लहानांनी मध्ये बसायचं, मोठ्यांनी बाहेर तोंड करून काठ्या रोखायच्या, मधल्यांनी सुखडीच्या अॅल्युमिनियमच्या थाळ्या दणादणा वाजवायच्या. पळायचं कुणी नाही. आणि एकदा जुळलेलं कडं कुणासाठीही मोडायचं नाही.

हे ऐन रंगात असताना तपासणीला साहेब आले. मैदानावर पोरं काठ्या रोखून गोलात उभी आणि दोन शिक्षक बाहेरून गुरगुरताहेत, हे बघून त्यांनी चष्मा पुसला.

"हा काय प्रकार आहे?"

"शारीरिक शिक्षण, साहेब," गुरुजी म्हणाले.

"आणि शत्रू कुठाय?"

गोलाच्या मधून ठकीचा आवाज आला, "तुमच्याच मागं हाय की, सायेब!"

साहेबांनी जी उडी मारली, ती शेऱ्याच्या वहीत आली नाही. शेरा मात्र चांगला मिळाला.

मार्गशीर्षात दिवस लवकर डोंगराआड जातो. शाळा सुटली, आम्ही निघालो. पुढं मी, मध्ये पोरं, मागं गुरुजी. ओढ्यापाशी आलो तेव्हा वरच्या उंबरावरची वानरं खेकसली. एकदाच. मग सगळी एकदम गप्प झाली. पाखरू नाही, किडा नाही. कोरड्या पाल्यावर माझ्याच चपलेचा आवाज मला मोठा वाटायला लागला. मागं वळून बघितलं. गुरुजी वीसेक पावलं मागं राहिले होते. त्यांच्या मागं बांधावर गवत हललं, आणि गवताचाच एक तुकडा सुटून खाली वाटेवर उतरला.

मी शिट्टी मारली. कडं असं जुळलं, की साहेबांनी पुन्हा शेरा द्यावा. काठ्या बाहेर, मी मोठ्या पोरांच्या ओळीत, ठकी आत, थाळ्यांचा दणदणाट. त्या कड्याच्या बाहेर, वाटेवर, गुरुजी.

पुढची हकीकत गावात सांगतात ती अशी. जनावर मागून येतंय हे गुरुजींनी ओळखलं. तिथूनच ते गरजले, "कडं उघडू नका!" मग त्यांनी पाठ फिरवली, जनावराकडे तोंड केलं, आणि ते झेपावलं तसे पिशवी मानेवर ओढून, डोकं पोटात घालून खाली बसले. त्यानं डाव्या खांद्यात पंजा रोवला आणि मानेचा घास घ्यायला गेलं. तोंडात आलं पुस्तक. पोरांनी थाळ्या वाजवत, काठ्या रोखत, कडं न मोडता सगळं कडंच पाऊल पाऊल पुढं सरकवलं. जनावरानं एकदा गुरुजींकडे, एकदा त्या आरडणाऱ्या, अनेक पायांच्या प्राण्याकडे बघितलं, हिशेब केला, आणि करवंदीत शिरलं. पुन्हा ते त्या ओढ्यावर दिसलं नाही.

यातलं बहुतेक सगळं खरं आहे.

गुरुजींना बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपनं नगरला मोठ्या दवाखान्यात. निघताना शुद्ध हरपत होती, तरी ठकीच्या आईला विचारत होते, "मोजली का?"

"सतरा हायेत, गुरुजी. सतराच्या सतरा," ती रडत म्हणाली.

दोन महिन्यांनी परतले. डावा हात कायमचा लोंबता राहिला. पुस्तकाला चार सुळ्यांची भोकं आरपार पडली होती, आणि पोरांना ती चित्रांपेक्षा जास्त आवडत. गावानं सत्कार केला. गुरुजींना शाल मिळाली आणि मलाही मिळाली. ऐन प्रसंगात डोकं शांत ठेवून कडं अभंग राखणारा तरुण शिक्षक म्हणून माझ्यावर भाषणं झाली. गुरुजींनी स्वतः उठून सांगितलं, "मी ओरडलो आणि मास्तरांनी ऐकलं. दुसरा असता तर कडं मोडून मला आत घ्यायला धावला असता, आणि एखादं पोर गेलं असतं." टाळ्या झाल्या. त्या शालीच्या जोरावर म्हणा, मी पुढं मुख्याध्यापक झालो.

निवृत्त झाल्यावर गुरुजी श्रीरामपूरकडं भावाच्या मळ्यात राहायला गेले. मी वर्षातून एकदा जाई. भोवती पुरुषभर ऊस, त्यात बाज टाकून ते पाला चघळत बसलेले. एका वर्षी मी धीर केला. म्हणालो, "गुरुजी, त्या दिवसाचं मला एकदा लोकांना खरं सांगू द्या."

त्यांनी चघळणं थांबवलं. उसात वाऱ्यानं काहीतरी सळसळलं, तशी त्यांची नजर आपोआप तिकडे गेली. ती सवय शेवटपर्यंत सुटली नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, गदाधराला पाठीवर चिलखत असतं, पोटाला नसतं. कुणी अंगावर आलं तर तो काय करत असेल? पोट जमिनीला चिकटवून गच्च बसून राहत असेल. मी तसा बसलोय. तुम्ही मला उलथं करू नका."

ते होते तोवर मी गप्प राहिलो.

गेल्या महिन्यात गुरुजी गेले. शाळेत शोकसभा झाली. सतरांतले अकरा जण आले होते, कुणाचे केस पांढरे, कुणाचे गेलेले. ठकी आता अंगणवाडी चालवते. ती बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, "मी आत बसल्याली. ह्या कानांनी ऐकलंय, गुरुजी म्हनले, कडं उघडू नका." बाकीच्या दहांनी माना हलवल्या. त्यांनीही ऐकलं होतं. अध्यक्ष म्हणून मी शेवटी उठलो, दोन शब्द बोललो आणि डोळे पुसत बसलो. सगळ्यांना वाटलं, दुःखानं.

आता ऐका. गुरुजी त्या संध्याकाळी एक अक्षरही ओरडले नाहीत. पळता येत नव्हतं, तरी ते पळत आले. जनावर मागं होतं. ते कड्यापासून चार पावलांवर, नेमके माझ्यासमोर पोचले, उजवा हात पुढं केला आणि माझ्याकडे बघितलं. मी आणि शेजारचं पोर यांच्यामध्ये एक म्हैस मावेल एवढी फट होती. मी एक पाऊल सरकून ती बुजवली. थाळ्यांच्या दणदणाटात माझं बोलणं इतर कुणाला ऐकू गेलं नाही, पण गुरुजींना गेलं. ते तिथंच थांबले, त्यांनी हात मागं घेतला आणि पाठ फिरवली. भरलेल्या एसटीच्या दारातून कंडक्टर खेकसतो तसा मी, तेवीस वर्षांचा धडधाकट शिक्षक, त्यांच्या तोंडावर ओरडलो होतो:

"जागा नाही, गुरुजी!"