जांभळ्या पानांचा धान

गोंदिया जिल्ह्यात असं एकही झाड नसेल, ज्याचं पान माझ्या मामेसासऱ्यांनी चावून पाहिलेलं नाही. आमच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी ते मांडवात उभे राहिले, डोक्यावरच्या जांभळीच्या डहाळीचं एक पान तोडलं, दातांखाली रगडलं आणि सगळ्या वऱ्हाडासमोर निकाल दिला, "तुरट आहे. चार दिवस झाले, एक अळी नाही लागली." नवरदेवाच्या गुणांबद्दल त्या दिवशी कोणीही इतक्या खात्रीनं बोललं नव्हतं. हा माणूस मला महागात पडणार, हे मी तेव्हाच ओळखलं. प्रत्यक्षात मीच त्यांना महागात पडलो.

मामाजींचं सगळं तत्त्वज्ञान एका गोष्टीवर उभं होतं: झाडाला पाय नाहीत. "तुमच्या अंगावर कुत्रा आला तर तुमी भागाल. झाड कुठं भागन?" म्हणून झाड जागच्या जागी औषध बनवतं. कडुनिंब कडू होतो, तेंदूचं पान तुरट होतं, सीताफळाच्या बीत किड्यांना मारणारं विष भरतं. झाडाला हे सुचलं कसं, असं मी एकदा विचारलं तर ते भडकलेच. "सुचलं नाही, बाप्पा! गोड होते ते किड्यायनं खाल्ले. कडू होते ते उरले. त्यायचंच बी पुढं चाललं." या हिशेबानं मामाजी स्वतः उरणाऱ्यांतलेच होते, कारण त्यांना कोणाशी गोड बोलताना मी पाहिलं नाही. मामींनी कारल्याला मीठ लावून पाणी पिळलं की ते ताटावरून उठत. चैत्रात चिचगडच्या रस्त्यावर कुसुमाच्या झाडाला लालभडक पालवी फुटली की चालती गाडी थांबवत आणि प्रत्येकाला खाली उतरवून समजावत, की कोवळ्या पानाची कातडी उन्हानं जळते, म्हणून निबर होईपर्यंत ते लाल रंग पांघरून बसतं. एकदा साक्षगंधाला निघालेली अख्खी जीप त्यांनी अशी उतरवली. मुलीकडचे दीड तास वाट पाहत बसले होते.

माझं सडक अर्जुनीला हायवेवर कृषी केंद्र आहे. बियाणं, खत आणि मुख्य म्हणजे फवारणीची औषधं. आठवड्यातून दोनदा मामाजी सायकलनं येत, माझ्याच बाकावर बसून माझाच चहा पीत आणि माझ्याच गिऱ्हाइकाला विचारत, "कायले नेऊन राहिला गा? तुह्या धानाले जीव नाही का?" निम्मी गिऱ्हाइकं लाजून परत जात. मी आतल्या आत धुमसायचो. पण ते दोन आठवडे आले नाहीत की मीच बायकोला विचारायचो, मामाजींची तब्येत बरी आहे ना म्हणून. माझ्या दुकानात काहीही घ्यायला न येणारा तेवढा एकच माणूस होता.

त्यांची पाव एकराची एक बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, होती. तीत त्यांच्या आईपासून चालत आलेला जांभळ्या पानांचा धान. आमच्याकडे पिकात रानधान घुसतं आणि हिरव्यात हिरवं ओळखू येत नाही. या बांधीत मात्र निंदणाऱ्या बाया दिसेल ते हिरवं उपटायच्या आणि दुपारी घरी जायच्या. मामाजी म्हणत, हा रंग म्हणजे धानानं स्वतःच काढलेली छत्री. त्या बांधीवर कधी फवारा पडला नव्हता. तुडतुडे यायचे, कोळी त्यांना खायचे, थोडंबहुत धान सोसायचा. लोक बियाणं मागायला येत. मामाजींची अट एकच, फवारणार नाही अशी शपथ घ्या. अशी शपथ घेईल असा शेतकरी आता कुठून आणायचा? मलाही त्यांनी मूठभर दिलं नाही. पेरून उरलेलं बियाणं "पडून राहिलं का मरते" म्हणून ते शिजवून खात. म्हणजे त्या धानाचा सगळा वंश दरवर्षी त्या एका बांधीत उभा असे.

गेल्या वर्षी धान पोटरीत असताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या आधी, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर ते गोंदियाला लेकीकडे राहिले. काळा चष्मा देणाऱ्या डॉक्टरला त्यांनी ऐकवलं, "कुसुमाले नाही लागत तुमचा चष्मा." निघताना मला एवढंच म्हणाले, "जवाईबापू, बांधीकडं लक्ष ठेवा. पर हात नोका लावू." त्या वर्षी साऱ्या शिवारात तुडतुडा आला. मी बांधीत वाकून पाहिलं, बुंध्याशी किडा दिसला आणि माझा धीर सुटला. खरं सांगायचं तर नुसता धीर सुटला नव्हता. माझ्या औषधानं यांचा धान वाचवला, असं एकदा तरी त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. दुकानातलं सगळ्यात जहाल औषध आणून मी स्वतः फवारलं. चार दिवस बांधी स्वच्छ होती. मग बुंध्यातली अंडी फुटली, आणि नव्या किड्यांना खाणारा एकही कोळी माझ्या औषधानं शिल्लक ठेवला नव्हता. पंधरा दिवसांत दाणा भरायच्या आत बांधीचं वाळकं तणस झालं.

मामाजी आले ते सरळ बांधीच्या धुऱ्यावर. मी खोटं बोलायची तयारी करून गेलो होतो. ते चष्मा काढून खाली बसले, बराच वेळ बुंध्यांमध्ये बोटं घालून काहीतरी शोधत राहिले आणि विचारलं, "कोनती दवाई?" मी नाव सांगितलं. "माह्यासाठीच केलं तुमी. तेच तर जास्त लागते." मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं घरी गेलो असतो.

यंदा उन्हाळ्यात त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून मी गावोगाव फिरलो. जांभळ्या पानाचा धान आहे का? लोक नाही म्हणून माना हलवत. बियाणं फवारलेल्या शेतातलं असलं तरी चालेल, असं मामाजी स्वतःहून सांगू लागले, तेव्हा मी दुसरीकडे पाहायचो. चिचगडच्या पुढं एका गावात अंगणात मोहफुलं वाळवत बसलेली एक म्हातारी भेटली. तिनं मामाजींना लगेच ओळखलं.

"तुमच्याचकडं आलती मी मागाले," ती म्हणाली. "आमच्या धानाचं बी बुडालं होतं. तुमी म्हनलं, शपथ घे. मी म्हनलं, पोरगा आयकत नाही, खोटी शपथ कशी घेऊ? रिकाम्या हातानं धाडलं तुमी मले. दिलं असतं, त आज तुमाले काढून नसतं का देल्लं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं दोघांना पाणी दिलं. मामाजींनी तांब्या हातात धरला, पण प्यायले नाहीत.

परतीच्या वाटेवर जंगल संपलं. मग मागून आवाज आला, "तुमी एका सालाचा धान मारला, जवाईबापू. बाकीच्या सालांचा मी." त्यांची चूक नव्हती असं मला म्हणायचं होतं, पण ते खरं नव्हतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रस्ता चांगला होता, तरी मी गाडी हळूच चालवली. घर येईपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.