सुजाताचा बिल्ला

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही ऐकताय म्हणून बोलतोय — की वय झालं म्हणून? असो.

मी हॉस्पिटलांमध्ये एक्स-रेच्या सुरक्षिततेचं काम बघायचो. परदेशी यंत्रं पुण्यात धडाधड येऊ लागली होती, ते दिवस. यंत्रं तपासायची आणि लोकांना झापायचं — छातीवर बिल्ला का नाही? अंगावर किती किरण पडले, ते त्या बिल्ल्यावरून कळतं. "शोभेला दिलाय का?" हे माझं ठरलेलं वाक्य. माझा म्हणे दरारा होता. दरारा कसला, खडूसपणा नुसता!

सुजाता त्यातल्याच एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. खडकीहून यायची, कामाला चोख. ती रजेवर असताना मी नवं यंत्र तपासायला घेतलं. तिचा शिशाचा एप्रन घातला, उकडलं म्हणून काढून यंत्राजवळच्या खुर्चीवर टाकला आणि खोलीबाहेरून एक्स-रेचे शॉट मारत बसलो. नंतर एप्रन उचलला तर — तिचा बिल्ला त्यालाच लावलेला! सगळा मारा त्यानं खाल्लेला.

तेव्हाच सांगायचं ना? साधी नोंद केली असती तर विषय संपला असता. पण ज्यावरून सगळ्यांना बोललो, त्यातच मी... लाज वाटली. गप्प बसलो.

पुढे प्रयोगशाळेतून तिच्या बिल्ल्याचा आकडा आला, भलताच मोठा. चौकशी कुणी करायची? मीच. कारण कळलं नाही, असं लिहून मोकळा झालो. आणि सुजाताला तेव्हा दिवस गेले होते.

"सर, बाळाला काही होईल का हो?" मी म्हणालो, काळजी करू नका. तो बिल्ला तुमच्या अंगावर नव्हताच — एवढंच सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं हो! गिळलं.

बाळंत होईपर्यंत ती भीतच राहिली. मुलगी झाली, ठणठणीत. "तुम्ही धीर दिलात, सर," म्हणत पेढे घेऊन आली. मी पेढा खाल्ला.

काही वर्षांनी मंडईत भेटली, मुलीचा हात धरून. ही एकटीच का, असं मी सहज विचारलं. कशाला विचारलं?

"दुसऱ्याची हिंमतच झाली नाही, सर. अंगात शिरलेले किरण कुठे जाणार?"

असं काही अंगात राहत नसतं, हेसुद्धा मी बोललो नाही. मुलगी गोड आहे, म्हणालो आणि मेथीचा भाव विचारायला वळलो.