बिननावाचे हात

"मशीननंच इचारलं फॉरमॅट करायचा का म्हणून. मी व्हय म्हटलं. त्यात माझं काय चुकलं?"

"मशीननं हिरीत उडी मारा म्हटलं, तर माराल का?"

"आगं, फौजेत फॉरमॅटशिवाय कागद हलत न्हाई! मला वाटलं, हिची डिस्क वाकडीतिकडी झाली आसंल, जरा शिस्तीत यील."

सुभेदार उदयसिंह, म्हणजे घरातले आबा, आणि राहीबाई यांचं हे सकाळपासून चाललं होतं. सून क्रांती कॉम्प्युटरच्या टेबलाशी उभी होती, हाताला भाकरीचं पीठ तसंच.

झालं होतं असं, की आबांनी आपला मोबाईल चार्ज करायला कॉम्प्युटरला लावलेली काळी डिस्क ओढून काढली. परत लावली तर पडद्यावर चौकट आली, डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करा. फौजेत फॉरमॅट म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना. रजा त्यात बसवायची, बदली त्यात बसवायची, पेन्शनसुद्धा त्यातच बसवून घेतलेली. आबांनी होकाराचं बटण दाबलं. डिस्क कोरी झाली.

त्या डिस्कवर हात होते. औंधच्या आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांचे गोंदलेले हात. लग्नाआधी क्रांती कराडच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होती. नवरा फौजेत, पोस्टिंगवर. इथं सासरी आल्यावर लग्नाकार्यात, बारशात बायका ओळीनं जेवायला बसल्या की तिची नजर त्यांच्या हातांवर जायची. तुळस, विंचू, पाळणा, सीतेची न्हाणी. मग ती मोबाईल घेऊन घरोघर जाऊ लागली. "काय येडी हाय, त्वांड सोडून हाताचा फोटू काढतीया," असं म्हणत म्हाताऱ्या पदर सावरायच्या, आणि हात मात्र पुढं करायच्या. मोबाईल भरला की फोटो डिस्कवर, आणि प्रत्येक फोटोला त्या बाईचं नाव. त्यातल्या कितीतरी जणी आता नव्हत्या. त्यांचे हात पुन्हा काढता येणार नव्हते.

"आबा," क्रांती शेवटी बोलली, "बटण दाबल्यावर किती वेळ लागला?"

"वेळ कसला? चहा गार व्हायच्या आत झालं."

क्रांतीनं पदराला हात पुसले. चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. "मग आशा हाय. आता ह्या डिस्कवर कुणी काही टाकायचं न्हाई, आन् तिला हात लावायचा न्हाई."

"पुसलंय न्हवं सगळं?" राहीबाई म्हणाल्या.

"न्हाई आत्ती. एवढ्या पटकन झालं म्हंजी दारावरच्या पाट्या काढल्यात नुसत्या. माणसं घरातच हायत."

लग्नाचे फोटो काढलेलं कार्ड असंच पुसून बसलेले फोटोग्राफर कराडला रडत यायचे, तेव्हा तिनं हे काम पाहिलं होतं. तिनं पुसलेले फोटो शोधणारं सॉफ्टवेअर उतरवलं, सापडेल ते डिस्कवर न ठेवता कॉम्प्युटरच्या पोटात ठेवायला सांगितलं, आणि सुरू केलं. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या चालीनं सरकू लागली. डिस्कमधून बारीक घरघर येत होती. आबांनी न सांगता मिक्सरची वायर काढून ठेवली, टीव्ही बंद केला आणि दारात खुर्ची टाकून बसले. शेजारची शालूबाई विरजण मागायला आली, तर तिला दारातूनच म्हणाले, "आत ऑपरेशन चाललंय. सांच्याला या."

दुपारी जेवणवेळेच्या सुमारास पहिला हात आला.

मग दुसरा. मग एकदम ओंजळभर. काळे, सुरकुतलेले, बांगड्यांचे वळ पडलेले हात, त्यांवरची हिरवी नक्षी जशीच्या तशी. क्रांतीनं तोंडावर हात ठेवला. आबा खुर्चीतून उठून मागं येऊन उभे राहिले. पुसलेल्या पाटीतून अक्षरं वर यावीत तसे हात येतच होते.

पण नावं नव्हती. प्रत्येक फोटोखाली नुसते आकडे.

"आता हे कुणाचे, कसं कळायचं?" क्रांती खुर्चीत बसली. "चेहरा एकीचाबी न्हाई."

राहीबाई पुढं वाकल्या. चष्मा कपाळावरच राहिला होता.

"ही तुळसाक्का. मनगटापाशी विंचवाची नांगी मोडल्याली बघ. गोंदताना रडून हात वढला तिनं." बोट पुढच्या फोटोवर गेलं. "ही वाडीची भागीरथी." मग त्या हसायलाच लागल्या. "आन् ही दगडूची बायकू. धोंडू गोंदल्याली!"

"धोंडू? नवऱ्याचं नाव तर दगडू ना?" आबा म्हणाले.

"व्हय. पर नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं न्हाई. गोंदणारणीनं इचारलं, तर हिनं खाली पडलेला धोंडा दावला. तिनं धोंडू गोंदून टाकलं. जलमभर दगडूचा संसार केला, आन् हातावर धोंडू!"

आबा हसता हसता थांबले. राहीबाई एकेक हात ओळखत चालल्या होत्या, जणू समोर पंगत बसली होती. ज्या सरणावर गेल्या त्यांचेसुद्धा. "गोंदल्यालं संगं जातं म्हनत्यात," त्या पडद्याकडं बघत हळूच म्हणाल्या, "ह्ये तर मागंबी ऱ्हायलं की गं." क्रांती सासूच्या तोंडाकडं पाहत राहिली. या बाईनं स्वतःच्या हाताचा फोटो मात्र कधी काढू दिला नव्हता.

राहीबाईंनी चुलीवर ठेवलेली भाजी करपल्याचा वास आला. आबांनी नाक वर केलं. "राही, भाजी..."

राहीबाईंनी खुर्ची ओढली, सुनेशेजारी बसल्या आणि मान न वळवता सांगितलं, "आजपास्नं दुपारचा सैपाक तुमी करायचा. मी आन् क्रांती हितं बसणार हाय, समद्या हातांना नावं लागंस्तवर."