लताबाईंची फरशी

लताबाई साळवे नगरपालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या आणि एक्क्याऐंशी साली जेल रोडला त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलं. फक्त फरशी बसवायची राहिली होती. शहाबादी की मोझॅक, हे बाईंचं ठरेना. शेवटी ठेकेदार कोंडाजीनं दोन्हींचा एकेक नमुना त्यांच्या भाड्याच्या खोलीवर आणून ठेवला.

"घाई करू नका, बाई. चार येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारा. फरशी एकदा बसली की जन्माची."

बाईंनी दोन्ही नमुने पुसून दारातच मांडले. आल्यागेल्याचं लक्ष जायलाच हवं. चहा-साखर जास्तीची आणली. सिन्नरच्या भावाला कार्ड टाकलं, एकदा येऊन बघून जा.

पंधरा दिवस गेले. दूधवाल्यानं बाहेरूनच माप ओतलं. मीटर बघायला आलेला माणूस नमुने ओलांडून आत आला आणि आकडा लिहून तसाच गेला. भावाचं उत्तर आलं, तुला योग्य वाटेल ते कर. पांढऱ्या-तांबड्या खड्यांचा मोझॅक बाईंना मनातून आवडला होता, पण ते सांगायचं कोणाला? दुपारी शेजारची मांजर तेवढी यायची, मोझॅक हुंगायची आणि शहाबादीवर अंग टाकून झोपायची.

सोळाव्या दिवशी कोंडाजी आला. "मग, काय म्हणाली मंडळी?"

बाईंनी झोपलेल्या मांजरीकडे पाहिलं.

"सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं," त्या म्हणाल्या. "शहाबादी."