दोन सायकली आणि एक भरलेली ट्रॉली

आमच्या सायकली चोरीला गेल्या नाहीत, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करतो. त्या फक्त आम्हाला न विचारता निघून गेल्या. चोरी आणि हा प्रकार यांत फरक आहे, आणि तो पाहुण्यारावळ्यांना समजावून सांगण्यात माझा अख्खा हिवाळा गेला.

मी मुरगूडचा. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, म्हशींच्या दुधावर मला मेकॅनिकल इंजिनिअर केलं. त्यासाठी त्यांनी एक नियम कडक पाळला: पोराला शेतात फिरकू द्यायचं नाही. मी विळा हातात घेतला की म्हणायचे, "ठेव त्यो. पुस्तक धर. उसाकडं बघाय आमी हाय." हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. (उसाकडे न बघितल्याचा पुढच्या हकिकतीशी जवळचा संबंध आहे, म्हणून सांगून ठेवलं.) माझं पदवीचं प्रमाणपत्र काचेच्या फ्रेममध्ये घालून आबांनी सोप्यात लावलं आहे. देवांच्या तसबिरींच्या एक वीत खाली आणि आमदारांच्या फोटोच्या दोन वीत वर.

आता मी कोल्हापुरात एका फाउंड्रीत नोकरीला आहे. डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून व्यायाम सांगितला, म्हणून मी महागडी सायकल घेतली. सायकल वापरल्याने पोट कमी होतं, हे मला घेताना कुणी सांगितलं नाही; मला वाटलं, घेतली की होतं.

माझे साडू प्रशांतराव पुण्याचे. त्यांची सायकल माझ्यापेक्षा महाग, कार्बनची, एका बोटावर उचलता येणारी. ती ते आल्या-गेल्यासमोर एका बोटावर उचलूनही दाखवत. पुढच्या महिन्यात त्याच सायकलीवर त्यांची सहाशे किलोमीटरची स्पर्धा होती. तीन वर्षं त्यांनी तिची तयारी केली होती. तीन वर्षं वडापाव खाल्ला नव्हता, यावरून काय ते समजा. सरावासाठी ते कोल्हापूरला आले आणि आम्ही बेत केला: दूधगंगेच्या काठी सायकलने जायचं, तंबू ठोकून एक मुक्काम करायचा, परत यायचं.

जाताना मुरगूडला घरी थांबलो. आबांनी दोन्ही सायकलींना, नवी म्हैस बघावी तशी, एक फेरी मारली.

"हिला श्टँड न्हाय?"

"वजन वाढतं, काका," प्रशांतराव म्हणाले.

"मडगार्ड?"

"वजन वाढतं."

"घंटी बी न्हाय. मग एवढं पैसं कशाचं दिलासा?"

"हे सगळं नसण्याचेच," मी म्हणालो.

आबांनी यावर मान डोलावली. शिकलेल्या माणसाशी ते वाद घालत नाहीत. आम्ही निघताना एवढंच म्हणाले, "विलास, मी नवी म्हस आणली की आठ दिस तिच्यापाशी झोपतो. आजवर एक म्हस गेली न्हाय. तुमी बी सायकलीपाशीच झोपा."

प्रशांतराव हसले, पण मग थोडे गंभीर झाले. "विलासराव, तिकडे सायकली सुरक्षित राहतील ना? पुढच्या महिन्यात माझी..."

"प्रशांतराव," मी छाती पुढे काढून म्हणालो, "आमच्या भागात तुमची सायकल गेली, तर ही माझ्या पदवीची फ्रेम भिंतीवरून काढून तुमच्या हातात देईन."

आबांनी एकदा फ्रेमकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

दुपारनंतर नदीकाठी पोचलो. जागा एका शेतकरी तात्यांची. "ऱ्हावा की पावणं, कोण न्हाय म्हणतंय," असं म्हणून ते धारा काढायला घरी गेले. आम्ही तंबू ठोकला आणि सायकली कशाला बांधायच्या, या प्रश्नाकडे वळलो. मी खास या कामासाठी एक साखळी आणि कुलूप घेतलं होतं. पोलादाची प्रत मी स्वतः पारखली होती. करवत लागत नाही, कटर लागत नाही, घणाने तुटत नाही. प्रश्न फक्त साखळी अडकवायची कशात, एवढाच होता.

"झाडाला बांधू," प्रशांतराव म्हणाले.

"झाड तोडता येतं," मी म्हणालो.

"तंबूत घेऊ?"

"मग आपण कुठे झोपायचं?"

तेवढ्यात मला ती दिसली. बांधाला लागून उसाने भरलेली ट्रॉली. ट्रॅक्टर सोडून नेलेला, चाकांना दगड लावलेले, ऊस कडेपर्यंत रचलेला. मी मनातल्या मनात वजन काढलं. ही ट्रॉली हलवायला चोराला हत्ती आणावा लागला असता. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला एक जाडजूड आडवी लोखंडी दांडी होती. तिच्यातून साखळी फिरवली, दोन्ही सायकली जमिनीपासून वर उचलून एकमेकींना आवळल्या आणि कुलूप लावलं. (वर अशासाठी, की चोराला चाकं फिरवताच येऊ नयेत!)

राहिली किल्ली. चोर आधी तंबू धुंडाळणार, हे उघड आहे. म्हणून मी किल्ली उसाच्या एका मोळीत खुपसून ठेवली. दुसरी किल्ली हरवू नये म्हणून तीही त्याच कडीत होती. प्रशांतरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शिक्षण ते शिक्षण," ते म्हणाले. मला भरून आलं.

अंधार पडताना आबांचा फोन आला.

"सायकली कुटं बांधलासा?"

"ट्रॉलीला."

"मोकळ्या का भरल्याल्या?"

"भरलेल्या, आबा. म्हणून तर."

आबा म्हणाले, "आरं, भरल्याली ट्राली म्हंजे..." आणि रेंज गेली. आबांना कौतुक शब्दांत मांडता येत नसावं, असं मी समजलो आणि झोपलो.

पहाटे कधीतरी झोपेत ट्रॅक्टरचा आवाज कानावर आला. कुणीतरी "ओ पावणं, ओ पावणं" अशा हाकाही मारत होतं. मला फार बरं वाटलं. आपल्याकडची माणसं किती लवकर कामाला लागतात, असा विचार करून मी कूस बदलली.

उजाडल्यावर बाहेर आलो. ट्रॉलीच्या जागी चार दगड आणि थोडं पाचट होतं. प्रशांतराव तोंडात ब्रश घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"सायकली कुठे आहेत?"

"ट्रॉलीला आहेत."

"आणि ट्रॉली?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं. ते दुधाची किटली घेऊन आलेल्या तात्यांनी दिलं.

"ट्राली व्हय? ती पहाटं गेली की कारखान्यावर. भरल्याली ट्राली ऱ्हातीया व्हय कुटं? ऊस वाळतोय, रांगंतला नंबर जातोय."

"पण आमच्या सायकली तिला बांधल्या होत्या."

"व्हय, दिसल्या की. डायवरनं हाका बी मारल्या तुमास्नी. मी म्हणलं, असू दे, पावण्यांनी काय तरी इचार करूनच बांधल्या असतील. शिकल्यालं दिसत्यात."

प्रशांतराव ब्रश हातात धरून खाली बसले. तीन वर्षांचा वडापाव त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला असावा.

पाठलाग करायला आमच्याकडे वाहन नव्हतं, कारण आमची वाहनंच पुढे गेली होती. तात्यांनी आपली दुचाकी काढली. पुढे तात्या, मध्ये प्रशांतराव, मागे मी आणि माझ्या मांडीवर दुधाची किटली ("वाटंत डेरीत घालू की!"). आम्ही दोघं सायकलीच्या घट्ट चड्डीत आणि डोक्यावर सायकलीचं हेल्मेट. तात्यांच्या डोक्यावर टोपी.

पहिल्या चहाच्या टपरीवर मी विचारलं, "सायकली बांधलेली ट्रॉली गेली का हो?"

"गेली की मघाच. आमास्नी वाटलं इश्टेपनी हाय."

दुसऱ्या फाट्यावर एक म्हातारे म्हणाले, "व्हय, दोन हुत्या. त्यातली एक लई नाजूक दिसत हुती."

प्रशांतरावांनी माझा हात घट्ट धरला. तो आधारासाठी धरला होता की मोडण्यासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कारखान्याच्या आवारात ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची लांबच लांब रांग होती. त्या रांगेच्या मध्यावर मला आमच्या सायकली दिसल्या आणि त्यांच्या शेजारी दगडावर बसून चहा पिणारे आबा दिसले.

"आबा, तुम्ही इथं कसे?"

"धारा काढल्या आन् शेजाऱ्याच्या गाडीवर आलो."

"पण नदीकडं का आला नाहीत?"

"तिकडं येऊन काय करू? सायकली हितंच येणार हुत्या की."

प्रशांतरावांच्या सायकलीच्या दांडीवर ड्रायव्हरचा टॉवेल वाळत होता आणि हँडलला त्याच्या भाकरीचं गाठोडं लटकत होतं. मागच्या गाडीचा बैल तिची सीट मनापासून चाटत होता. तीन वर्षांचा घाम मुरलेली सीट. बैलाला मीठ मिळालं असावं. बाकी ओरखडा नव्हता. प्रशांतरावांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "काढा लवकर. किल्ली द्या."

मी उसाकडे पाहिलं. मोळ्या सगळ्या एकसारख्या. काल माझी मोळी डावीकडून तिसरी होती. आज खड्ड्यांनी हलून, वाटेत दहा जणांनी ऊस उपसून, तिसरी कोणती आणि तेरावी कोणती, काही कळेना. मी मोळ्यांत कोपरापर्यंत हात घातले. रांग पुढे सरकत होती. रांगेच्या टोकाला ऊस उतरवायची क्रेन होती, आणि ती सायकल आणि ऊस यांत भेद करील, असं तिच्याकडे बघून वाटत नव्हतं.

"कुलूप तोडा," प्रशांतराव ओरडले.

"ते तुटत नाही," मी हळूच म्हणालो.

"करवत आणा."

"लागत नाही."

"गॅसने कापा."

"कापलं तरी शेजारी तुमची कार्बनची दांडी आहे. ती जळेल."

आजूबाजूचे सगळे ड्रायव्हर जमले. कुलूप हातात घेऊन बघू लागले. एकाने दगड मारून बघितला, दगड फुटला. "कुलूप एक नंबर हाय," तो म्हणाला. एरवी मला आनंद झाला असता.

आबांनी चहा संपवला, कप दगडावर ठेवला आणि आमच्या ड्रायव्हरला विचारलं, "ही मागची दांडी निघती का रं?"

"निघती की. दोन खिळी उपसल्या की झालं."

"मग मघापासनं गप का हुतास?"

"ह्ये सायब कुलपाचंच बोलत हुते. मला वाटलं त्यास्नी कुलूपच काढायचं हाय."

त्याने दोन खिळी हाताने उपसल्या. हाताने! दांडी बाजूला सरकवली. साखळी तिच्यावरून बांगडीसारखी निघाली आणि दोन्ही सायकली आबांच्या हातात आल्या. जे काम करायला चोराला मी हत्ती आणायला लावणार होतो, ते जांभई देता देता झालं.

कुलूप मात्र तसंच होतं. त्यामुळे दोन्ही सायकली एकमेकींच्या गळ्यात गळा घालून मोकळ्या ट्रॉलीतून मुरगूडला आल्या. दुसऱ्या दिवशी मी साखळी आमच्या फाउंड्रीत नेऊन सायकलींसकट यंत्रावर धरली. तिने दोन पाती मोडली, मग तुटली. प्रशांतरावांनी स्पर्धा पूर्ण केली. पोचल्यावर फोटो पाठवला, त्यात ते वडापाव खात होते. सायकलीशेजारी जमिनीवर, तिच्यावर एक हात ठेवून.

मी शब्दाचा पक्का आहे. पुढच्या आठवड्यात मुरगूडला गेलो तेव्हा फ्रेम काढायला स्टूल घेतलं. सायकल गेली नव्हती हे खरं, पण जायची राहिली ती माझ्यामुळे नाही, हेही खरं. फ्रेमला हात लावला तर ती हलेना. मागून जाड तार घेऊन आबांनी ती भिंतीतल्या दोन खुंट्यांना आवळून टाकली होती.

"आबा, हे कशाला? प्रमाणपत्र कोण चोरणार?"

"चोराचं भ्या न्हाय," आबा म्हशीला पेंड घालता घालता म्हणाले. "तूच नेऊन कुटंतरी सांभाळून ठेवशील, म्हणून."